राजाचं पागोटं आणि झोप दळणारी मांजरं

एक होता राजा, आणि त्याच्या डोक्यावर होतं एक पागोटं. राजाचं नाव तुंगराज. पागोट्याला नाव नव्हतं, पण राजापेक्षा त्याचाच थाट जास्त. ते बांधायला बसलं की राजाची अख्खी सकाळ जायची. एक नोकर कापडाचं टोक धरून दिवाणखान्यात उभा, दुसरा पार अंगणात, आणि राजा मधे भोवऱ्यासारखा गरगर फिरतोय. फिरून फिरून त्याला भोवळ यायची. मग राणी त्याला लिंबाचं सरबत द्यायची.

हसलास ना सोपान? मला वाटलं, आज काही तू हसत नाहीस. मागच्या अंगणात मनी मांजरीसाठी ठेवलेली तुझी गोधडी मी उचलून आणली म्हणून तुझं तोंड फुगलंय, दिसतंय मला. मनी बिचारी बाहेर कुडकुडते आणि आजी किती वाईट, असंच ना? असू दे. रुसून ऐक, पण ऐक. आणि गौतमी, तू थोडी पलीकडे सरक बाई, मला पाय पसरू दे.

तर काय सांगत होते? हां. राजा तुंगराजाचं राज्य होतं गारगड. उंच डोंगराच्या माथ्यावर. तिथे थंडी अशी पडायची की सकाळी घागरीत हात घातला तर तो आपलाच आहे का, हे दुसऱ्या हातानं चाचपून बघावं लागायचं. पण माणसं होती मोठी हौशी. पाहुणा आला की त्याला कुठे ठेवू नि कुठे नको, असं व्हायचं त्यांना.

आणि त्यांची एक रीत होती बरं का. ही रीत नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गारगडात कुणाच्याही दारातून आत जाताना पाहुण्याला वाकावं लागता कामा नये. पाहुणा वाकला म्हणजे त्याचा अपमान झाला. म्हणून तिथली सगळी दारं उंचच उंच. आणि तोंडं सगळ्यांची हमरस्त्याकडे, म्हणजे पाहुण्याला लांबून दिसावीत. एकानं दार उंच केलं की शेजारी त्याहून हातभर उंच करायचा. घर केवढंसं आणि दार केवढं. काही घरांत तर दारच होतं, भिंत शोधावी लागायची.

आता मांजरांचं सांगते. गारगडात मांजरं खूप. काळी, पांढरी, पिवळी, ठिपक्यांची. पण घरातलं मांजर एकही नाही. सगळी बाहेरची. गवताच्या गंजीवर, बैलगाडीखाली, देवळाच्या पायरीवर, जिथे वाटेल तिथे राहायची. कुणाच्या मालकीची नाहीत आणि सगळ्यांची.

ही मांजरं एक मोठं काम करायची. कुणाला दिसायचं नाही असं काम. पोटाशी पाय घेऊन बसली की ती घुर्र घुर्र करतात, ऐकलंय ना तुम्ही? ते काय असतं? सकाळी जातं फिरतं तेव्हा कसा आवाज येतो? तसाच की नाही? मांजराच्या पोटात असतं जातं, आणि त्याच्यावर ती झोप दळतात. हो, झोप. अगदी मऊ, वस्त्रगाळ. मग ती वाऱ्यावर भुरभुरत खिडकीतून घरात येते आणि माणसांच्या डोळ्यांत जाते. मग माणसं डोळे चोळतात. आत्ता चोळलेस ना गौतमी, तसे.

मग एकदा काय झालं, एका वर्षी थंडी नेहमीपेक्षा फारच पडली. झाडांची पानं कडक झाली. कावळे काव काव करायच्या ऐवजी क, क, एवढंच म्हणून थांबायला लागले. आणि मांजरं कुडकुडायला लागली. गंजीवर कुडकुडली, गाडीखाली कुडकुडली. आता तुम्हीच सांगा, ज्याचे दात वाजताहेत त्याला जातं ओढता येईल का? मांजरांची जाती थांबली. घुर्र नाही की फुर्र नाही. गारगडातली झोप संपली.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. घराघरात कोनाड्यांत, फडताळात थोडीफार शिल्लक झोप होती, ती पुरवून पुरवून वापरली. मग तीही संपली. मग काय विचारता. राजवाड्याच्या आचाऱ्यानं खिरीत मीठ घातलं आणि आमटीत वेलदोडे. प्रधानजी खांबाला नमस्कार करून त्याला घरची खुशाली विचारायला लागले. खांब बोलेना म्हणून त्याच्यावर रागावले. नुसते पहारेकरी तेवढे खूश. ते म्हणाले, बरं झालं, आमच्या जोडीला आता अख्खं गाव आलं.

पण एका घरात कुणी हसत नव्हतं. ते म्हणजे राजाचं घर.

राजाला एक मुलगी होती. तिचं नाव पोवळी. तुझ्याएवढीच असेल गौतमी, आणि बडबडीही तुझ्यासारखीच. तिच्या खिडकीखाली एक म्हातारी मांजर बसायची, भुरीमावशी. राखेच्या रंगाची, एक कान फाटलेला. सगळ्या मांजरांत वडील. पोवळीला झोप लागायची ती भुरीमावशीच्याच दळणानं. आणि आता भुरीमावशी गप्प झाली होती. पोवळी डोळे मिटायची, पण झोप येईना. आधी तिनं बडबड बंद केली. मग खेळणं बंद केलं. मग जेवणही नको म्हणाली. गाल बसले, डोळे लाल झाले. राजवैद्य आले, त्यांनी नाडी पाहिली आणि राजाला बाजूला नेलं. म्हणाले, महाराज, माझ्या औषधानं गुंगी येईल, झोप यायची नाही. झोप मांजरांकडूनच आणा, आणि लवकर आणा. लेकराच्या अंगात आता त्राण राहिलेलं नाही.

राजा पोवळीच्या उशाशी जाऊन बसला. पोवळीनं विचारलं, "आबा, झोप कधी येणार?"

एवढ्या मोठ्या राजानं नुसतं तिचं पांघरूण सारखं केलं. तो बाहेर ओसरीवर गेला आणि पागोट्याच्या टोकानं डोळे पुसत रडला. राजे रडतात बरं का. मुलीसाठी तर रडतातच.

राणीनं काय केलं, सगळ्या मांजरांना उचलून वाड्यात आणलं आणि दारं लावून घेतली. पण बाहेरची मांजरं ती. कोंडल्यावर ओरडली, पडदे फाडले, झरोक्यांतून उड्या मारून निघून गेली. ज्याला बाहेर राहायचंय त्याला बाहेरच ऊब द्यावी लागते.

मग राजा म्हणाला, आपण मांजरांना घर बांधू. आणि राजाचं घर म्हणजे काय साधं असणार? त्यानं मांजरमहाल बांधला. काळ्याभोर दगडाचा, चकचकीत फरशीचा. आणि दार किती उंच? अंबारीसकट हत्ती आत गेला तरी अंबारीतल्या माणसाला मान वाकवावी लागायची नाही, एवढं. दार अर्थातच हमरस्त्याकडे. मांजरांचा मान राहायला नको का? सनई चौघडा वाजला, दुधाच्या पराती ठेवल्या. मांजरं आली. दूध प्याली. वर छताकडे बघितलं, ते कुठे दिसतच नव्हतं. आणि मग हमरस्त्यानं वारा आला. गारगडात वारा हमरस्त्यानंच यायचा, तोही पाहुण्यासारखा. दार एवढं उंच की तोही न वाकता सरळ आत गेला आणि महालभर फिरत बसला. मांजरं शिंकत शिंकत बाहेर आली.

राजा म्हणाला, अंथरूण कमी पडलं. मग त्यानं गावात दवंडी पिटली. बायकांनी पेटाऱ्यांतून गोधड्या काढल्या. नऊवारीच्या, खणांच्या, कडेला लाल दोरा भरलेल्या. राणीनं आपली रेशमी दुलई दिली. पायऱ्यांवर, गाड्यांखाली, गंजींवर, जिथे मांजर तिथे गोधडी. मांजरं बसली. मऊ वाटलं त्यांना. एकदोघांचं जातं हललंसुद्धा.

पण मग पडायला लागलं दव. गारगडातलं दव म्हणजे पावसाचं धाकटं भावंड. गोधड्यांनी सगळं पाणी पिऊन घेतलं आणि सकाळपर्यंत त्या अशा झाल्या की पिळल्या असत्या तर बादली भरली असती. ओल्या गोधडीत कसं वाटतं, हे सोपानला विचारा. लहानपणी रोज ओली करायचा आणि मग कुडकुडत माझ्या कुशीत यायचा. बरं बरं, नाही सांगत. कुणाला नाही सांगत.

मांजरं आता आणखी गारठली. मग राजानं तिसरी गोष्ट केली. त्यानं चौकाचौकात शेगड्या पेटवल्या. निखारे फुलले. मांजरं जवळ आली, आणखी जवळ आली, डोळे मिटून बसली. आणि एक पिवळा बोका होता, जरा आळशी, त्याच्या शेपटीच्या टोकावर उडाली ठिणगी. झालं. तो असा काही ओरडला की बाकीची मांजरं ताडकन उठली. धूर नाकात गेलेला, डोळ्यांत पाणी, पुढून भाजतंय, मागून गारठा. सगळी पळाली. थेट गाव सोडून वरच्या कड्याकडे पळाली. त्या पिवळ्या बोक्याच्या शेपटीचं टोक करपलं तेवढं, बाकी तो ठणठणीत होता. काळजी करू नका.

आता गारगडात एकही मांजर उरलं नाही. पोवळी उशीला टेकून बसली होती. खिडकीकडे बघत होती. राजानं हाक मारली तरी तिनं वळून पाहिलं नाही. तो उठला. प्रधानजी म्हणाले, पालखी आणतो. राजा म्हणाला, नको. सैन्य आणतो. नको. राजा एकटाच निघाला. दिवेलागणीची वेळ होती.

कड्यावर एक मोठी शिळा पुढे झुकलेली होती, छपरासारखी. तिच्याखाली सगळी मांजरं एकमेकांना चिकटून बसलेली. मधे भुरीमावशी. राजानं हात जोडले. म्हणाला, माझं काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही. सांगा. माझी मुलगी झोपत नाही.

भुरीमावशीनं नुसतं वर बघितलं. एवढ्या उंचावरून माणूस काय बोलतो ते मांजराला थोडंच ऐकू जातं? राजा वाकला. तरी ती गप्प. राजा खाली बसला. तरी गप्प. मग राजानं काय केलं, सरळ गवतात पालथा पडला. पागोटं निसटलं, गडगडत गेलं आणि शिळेखालच्या वाळक्या गवतावर आडवं पडलं. राजाचं नाक आणि भुरीमावशीचं नाक अगदी समोरासमोर आलं. आत्ता कुठे ती बोलली.

"राजा, आमच्यासाठी एवढं केलंस. पण आमच्या जागी बसून पाहिलंस का कधी?"

राजा म्हणाला, नाही पाहिलं.

"मग चल," असं म्हणून तिनं राजाच्या नाकावर हळूच फुंकर घातली.

आणि राजा झाला मांजर. गुबगुबीत, पट्ट्यापट्ट्यांचा बोका. मिशा मात्र त्याच होत्या.

मग पुढे भुरीमावशी आणि मागे बोकेराजा, असे दोघं खाली गावात आले. बोकेराजा आधी आपल्या मांजरमहालात गेला. फरशीवर पाय ठेवला आणि चटकन उचलला. दुसरा ठेवला, तोही उचलला. चारही पाय एकदम कसे उचलणार? या कोपऱ्यात बसून बघितलं, त्या कोपऱ्यात बसून बघितलं, सगळीकडे वारा. अरे, दार लावा कुणीतरी, असं तो ओरडला, पण तोंडातून आलं म्यांव. आणि एवढं दार लावायला दहा माणसं लागायची, ती कुठून येणार?

मग तो देवळाच्या पायरीवरच्या गोधडीवर बसला. बसला आणि उडाला. पोट चिंब. मग शेगडीजवळ गेला. नाक भाजलं, पाठ गोठली. जरा आणखी पुढे सरकला तर मिशीचा एक केस चर्र करून वळला. तो केस पुढे जन्मभर तसाच वाकडा राहिला. नंतर कुणी विचारलं की राजा विषय बदलायचा.

बोकेराजा कुडकुडत पुन्हा कड्यावर आला. दात वाजताहेत, पंजे बधिर झालेत. आता कुठे जाऊ, कुठे बसू, असं झालं त्याला. मग त्याला दिसलं आपलं पागोटं. शिळेच्या आडोशाला, वाळक्या गवतावर आडवं पडलेलं, पाठ वाऱ्याकडे केलेली. तोंड एवढंसं. आत शिरायचं तर मांजरालासुद्धा वाकावं लागेल.

बोकेराजा वाकला. आत शिरला. एकदा गोल फिरला, पुन्हा एकदा गोल फिरला, आणि शेपटी नाकावर घेऊन बसला. खाली गवत कोरडं होतं, कुरकुरीत होतं. वर शिळा होती, म्हणून दव नव्हतं. वाऱ्यानं बाहेरून दोनदा धडका दिल्या आणि नाद सोडला. आणि मग बोकेराजाला हळूहळू ऊब वाटायला लागली. कुणाची ऊब? त्याची स्वतःचीच. एवढ्याशा जागेतून तिला बाहेर जायला वाटच नव्हती, म्हणून ती त्याच्यापाशीच राहिली. पायांत जीव आला. पाठ सैल झाली. आणि पोटात काहीतरी हललं. घुर्र. राजा दचकला. पुन्हा घुर्र. राजाच्या पोटातलं जातं फिरायला लागलं होतं. आपणच दळलेली झोप आपल्याच डोळ्यांत गेली आणि राजा गाढ झोपला.

उजाडलं तेव्हा तो पुन्हा माणूस झाला होता. डोकं पागोट्यात, पाय बाहेर, मिशांत गवत. पागोटं काखोटीला मारून राजा धावत धावत गावात आला. लोकांनी राजाला बोडक्या डोक्यानं पहिल्यांदाच पाहिलं. एक म्हातारी तर म्हणाली, हा कोण बाई पाहुणा?

राजानं दरबार भरवला आणि सांगितलं. प्रत्येक मांजराला वेगळं घर. माझ्या पागोट्याएवढंच, त्याहून तसूभर मोठं नको. जमिनीवर नको, दोन दगडांवर ठेवा. पाठ हमरस्त्याकडे करा आणि दार भिंतीकडे. आत गोधडी नको, दुलई नको, फक्त भाताचा कोरडा पेंढा, भरपूर. आणि दार एवढं लहान ठेवा की मांजराला वाकून आत जावं लागेल.

दरबारात कुजबुज सुरू झाली. वाकून? पाहुण्यानं? प्रधानजींना तर घामच फुटला. ते म्हणाले, महाराज, हा त्यांचा अपमान होईल. लोक आपल्याला काय म्हणतील?

राजा म्हणाला, "प्रधानजी, मी काल वाकलो. मला काही झालं नाही. उलट मला झोप लागली."

झोप हा शब्द ऐकल्यावर सगळे उठलेच. कुणी कोंबड्यांचं जुनं डालगं आणलं, कुणी फुटका रांजण आडवा केला, कुणी टोपलीवर टोपली ठेवून बांधली. बाहेरून शेणामातीनं लिंपलं, आतून पेंढा भरला. आणि गारगडचीच माणसं ती. थोड्या वेळात त्यांची चढाओढ सुरू झाली, पण उलटी. माझं घर तुझ्यापेक्षा लहान. छे, माझं त्याहून लहान. माझ्या दारात माझी मूठसुद्धा जात नाही. नगरशेटनं तर एवढंसं घर केलं की त्यात एक उंदीर राहायला आला आणि नगरशेटला म्हणाला, आभारी आहे. शेवटी राजा स्वतः पागोटं घेऊन घरोघर फिरला आणि प्रत्येक घर त्याच्याशी मापून पाहिलं. घरात मांजराला एकदा गोल फिरता आलं पाहिजे, बस. त्याहून कमी नाही, जास्त नाही.

आणि एक घर राजानं स्वतःच्या हातानं केलं. पोवळीच्या खिडकीखाली, भुरीमावशीसाठी. लिंपताना त्याचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले. राणी म्हणाली, आता तुम्ही राजासारखे दिसता. तिला असं का वाटलं, कोण जाणे, पण वाटलं खरं.

संध्याकाळ झाली. सगळे लोक आपापल्या उंच दारांत उभे राहून वाट बघायला लागले. कड्यावरून कुणी येईना. राजा म्हणाला, असं टक लावून बघू नका, आत जा. लोक आत गेले. फटीतून बघायला लागले. मग आला तो पिवळा बोका, करपलेल्या शेपटीचा. त्यानं एका घराचा वास घेतला. डोकं आत घातलं, बाहेर काढलं. पुन्हा घातलं. मग वाकला आणि आत गेला. आत पेंढा कुरकुरला. आणि मग, घुर्र.

मग काय, कड्यावरून रांगच लागली. एकेक मांजर वाकत होतं, आत जात होतं, गोल फिरत होतं. एका घरातून घुर्र, दुसऱ्यातून घुर्र, या गल्लीतून, त्या गल्लीतून. अख्ख्या गारगडात जाती सुरू झाली. झोप भुरभुरत उडाली आणि घराघरात गेली. आचारी डाव हातात धरून झोपला. पहारेकरी भाल्याला टेकून झोपले. प्रधानजी म्हणाले, महाराज, मला असं वाटतं की, आणि तेवढ्यावरच झोपले. त्यांना काय वाटत होतं ते कधीच कळलं नाही. राणी भिंतीला टेकली आणि तिथेच पेंगली.

पण पोवळी जागीच होती.

कारण भुरीमावशी आलीच नव्हती. खिडकीखालचं घर रिकामं होतं. राजाचे डोळे मिटत होते, तो स्वतःला चिमटे काढत होता. मुलगी जागी असताना आपण कसं झोपायचं? पोवळीचा हात त्यानं हातात धरला होता. तो हात गार होता. राजाला फार भीती वाटली. एवढं सगळं केलं आणि जिच्यासाठी केलं तिलाच झोप नाही.

तेवढ्यात खिडकीत दोन डोळे चमकले. भुरीमावशी. ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली. खाली वाकून तिनं आपल्या घराकडे बघितलं. चांगलंय, अशी मान हलवली. पण आत गेली नाही. मग तिनं राजाच्या डोक्याकडे बघितलं. राजानं दुपारीच पागोटं पुन्हा डोक्यावर चढवलं होतं, राजा होता ना तो. ती बघतच राहिली.

राजाला कळलं. त्यानं पागोटं काढलं. इतक्या वर्षांचं पागोटं, बापाच्या हातून डोक्यावर आलेलं. क्षणभर त्यानं त्याच्यावरून हात फिरवला. मग खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर, वरच्या छपराच्या पागोळीच्या आत, ते आडवं ठेवलं. आत पेंढा भरला. पाठ वाऱ्याकडे केली, तोंड पोवळीकडे.

भुरीमावशी वाकली. आत गेली. एकदा गोल फिरली, पुन्हा एकदा फिरली, आणि शेपटी नाकावर घेतली. तिला ते पागोटंच का हवं होतं, असं मला विचारू नका. मांजराला जे आवडतं ते आवडतं.

घुर्र. घुर्र. घुर्र.

पोवळी म्हणाली, "आबा, आली."

आणि तिनं डोळे मिटले. राजाच्या हातातला तिचा हात हळूहळू गरम झाला. राजा तिथेच पलंगापाशी जमिनीवर आडवा झाला आणि मुलीच्या आधी घोरायला लागला.

मग सगळं छान झालं. पोवळी उठली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. उठल्या उठल्या खीर मागितली, आणि खिरीत या वेळी साखर होती. तिचे गाल पुन्हा वर आले, आणि बडबड तर इतकी वाढली की राजवैद्य कानात कापूस घालून यायला लागले. लोक रोज संध्याकाळी मांजरांसाठी कोमट पाणी ठेवायला लागले, पेंढा ओला झाला की बदलायला लागले. गाडी जुंपायच्या आधी चाकावर थाप मारायला लागले, कारण आत कुणीतरी बसलेलं असायचं. आणि राजा? त्याचं पागोटं काही परत मिळालं नाही. डोकं तर गार पडायचं. मग तो दरबारात काय घालून बसायला लागला ठाऊक आहे? माकडटोपी. हो, आजोबा घालतात तीच. त्यातून त्याच्या मिशीचा तो वाकडा केस बाहेर यायचा. परमुलखाचे वकील यायचे, राजाला बघून तोंडावर उपरणं धरून हसायचे. राजाही हसायचा. त्याचे कान उबेत होते.

झाली गोष्ट. गारगडचे सगळे आपापल्या उबेत गेले, आता आपण आपल्या.

सोपान, जागा आहेस? ऐक. तुझी गोधडी अंगावर घेतलीस ना? कोरडी आहे बघ. अंगणात राहिली असती तर दवानं भिजली असती, आणि मनी तिच्यावर बसून गारठली असती. तू चांगल्या मनानं ठेवलीस, ते मला कळलं होतं. म्हणून तर मी कोंबड्यांचं जुनं डालगं आडवं केलं, विटांवर ठेवलं, पाठ वाऱ्याकडे, तोंड गोठ्याच्या भिंतीकडे. तू दुपारी गाईसाठी पेंढा आणलास ना, त्यातलाच आत भरला. मघाशी मनी वाकली आणि आत गेली. मी बघितलं.

आता बोलू नकोस. श्वास जरा हळू घे आणि मागच्या दाराकडे कान दे. येतोय का आवाज?

सोपान? अगं गौतमी, हा झोपला. फुगलेलं तोंड तसंच ठेवून झोपला. तूही डोळे चोळतेयस. चोळ, चोळ. मनीचं दळण आज बारीक पडलंय.